दोन खांब

माझं लग्न झालं त्या वर्षी नदीत पुलाचे दोन खांब उभे राहिले. यंदा नातीचं लग्न झालं, खांब दोनच आहेत. आज नावेच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“आमचे हे पुलाचे मुख्य साहेब. जगातले नावाजलेले पूल पाहून आलेत. एक काचेचा, एक जहाज आलं की उघडणारा.”

“आणि आपला, वहिनी?”

“अभ्यास चाललाय हो. घाई करून कसं चालेल? अहो नावाडीदादा, मला घ्या आधी! पलीकडे लेकीला कळा सुरू झाल्यात.”

“नाव भरली, बाई. आता पुढच्या खेपेला.”

“बघा! इथं कुणाला म्हणून घाई नाही.”

“साहेब नाही आले?”

“कुठले येतात! एक झुलता पूल बघायचा राहिला होता, सकाळीच विमानानं गेले.”