पिवळ्या जॅकेटातला भाऊ

नाही, मला तुम्ही एवढंच सांगा, माणसानं एका दिवसात 'संडास कुठं आहे' हे किती वेळा सांगावं? काल एकेचाळीस वेळा सांगितलं! मोजलं मी. बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो, डोकी मोजायची सवय जात नाही. आणि विचारणारा थांबतो का? मी 'डावीकडे' म्हणेपर्यंत तो उजवीकडे गेलेला असतो, उजवीकडे एक्स-रेची खोली, तिथं हा घुसतो, मग आतला माणूस ओरडतो, आणि कोणावर? माझ्यावर! कारण अंगावर पिवळं जॅकेट. पाठीवर ही एवढी मोठी अक्षरं, 'मी आपली मदत करू का?' पाठीवर! म्हणजे सगळे मागून येणार, खांद्यावर टकटक करणार आणि मी दर वेळी दचकणार. घ्या! करा सेवा!

आज नाही जॅकेट अंगावर, बघताय ना. आज मी तुमच्यासारखाच, या बाकड्यावरचा. समोरच्या त्या दाराआड माझा भाऊ आहे. सख्खा, थोरला, सगुणदादा. साखरेनं पाय सडवलाय त्याचा. नुसती बोटं काढायची की घोट्यापर्यंत जायचं, ते म्हणे आत गेल्यावर ठरणार. दाराच्या वरचा लाल दिवा विझेपर्यंत मला काही सुचायचं नाही, म्हणून बोलतोय. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा... नाही ना? मग ऐका.

आम्ही आमोणे गावचे. आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जावंच लागतं. नाही गेलात तर तो बरा होतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो! इथं एका रुग्णाला एक पास, आणि खाली टेम्पोतून सतरा माणसं उतरतात, शहाळी घेऊन, उंडे-पाव घेऊन, पेजेचा डबा घेऊन, आणि दारावर मी. 'अरे, हो गोकुळदास मरे, आपलोच मनीस!' म्हणत सतराच्या सतरा आत सरकतात. अडवलं तर 'पिवळं घातलं म्हणून एवढी मिजास?' गावात कुठं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. घ्या! करा सेवा!

तर तुम्ही विचाराल, कोणी सांगितलं होतं? घरी सगळे तेच विचारतात. बायकोला सांगितलं, समाजाची सेवा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भावाला बघायला जायचंय तर सरळ जा की." आता बायकोपुढं काय लपणार? पण सरळ कसा जाणार? अकरा वर्षं आम्ही बोलत नाही!

कशावरून, तेही सांगतो, हसू नका. जत्रेला देवाची पालखी गावात फिरते, आमच्या घरापुढं एकदा थांबते, घरातल्यानं नारळ ठेवायचा, ओवाळायचं, पुढं जायची. वडील गेले, घराची वाटणी झाली, मधे भिंत आली, एका दाराची दोन दारं झाली. पालखीचं थांबणं मात्र एकच! ती थांबायची कोणाच्या दारात? तो म्हणाला थोरला मी, मी म्हणालो जुना उंबरठा माझ्याकडे. दोघं आपापला नारळ घेऊन उभे, खांद्यावर पालखी घेतलेले घामाघूम, शेवटी त्यांनी ती नेऊन थांबवली भिंतीच्या टोकाला, आमच्या दोघांच्या बायका भांडी घासतात तिथं! अकरा वर्षं देव आमच्या भांडी घासायच्या जागेवर थांबतो, आम्ही दोघं दोन बाजूंनी नारळ ठेवतो, आणि एकमेकांकडे बघत नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी याला इथं आणलं. सगळा गाव बघून आला. मी जाऊ? म्हणजे मी आधी वाकलो असं होणार! न जाऊ? तर झोप येईना. तेवढ्यात खालच्या फळ्यावर वाचलं, स्वयंसेवक पाहिजेत. मी म्हटलं, वा! जॅकेट घालून गेलं तर ते काही बघायला जाणं नव्हे. ती ड्यूटी! मी वाकलो नाही आणि भेटही झाली. असली अक्कल बत्तीस वर्षं कंडक्टरी केल्याशिवाय येत नाही.

तीन दिवस शिकवलं आम्हाला. आमच्या प्रमुख, सुविधा मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या, म्हणाल्या, 'काका, रुग्णाशी हसून बोलायचं, नाव विचारायचं.' जॅकेट दिलं, म्हणाल्या साईज एकच आहे. एकच म्हणजे कोणाची? झिप पोटावरून कशीबशी चढते, छातीवर येऊन बसते, ती ना वर जाते ना खाली येते. काढायचं तर डोक्यावरून, लहान पोरांचा झगा काढतात तसं. चष्मा आत राहतो.

पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, सात नंबरच्या खाटेला ड्रेसिंगला न्या. सात नंबर म्हणजे तोच! गेलो. व्हीलचेअर लावली. शिकवल्याप्रमाणं हसलो. अकरा वर्षांनी मी त्याच्याकडे बघून हसलो हो! त्यानं खिडकीबाहेर बघितलं. आता नियम म्हणजे नियम, मी विचारलं, "आपलं नाव काय?" सख्ख्या भावाला! त्याच्या खुर्चीच्या बाजूनं आमची दुसरी स्वयंसेवक चालत होती, पूजा, कॉलेजातली पोर. तो तिला म्हणाला, "बाय, त्या मनशाक सांग, ब्रेक काड."

दीड महिना! आठवड्यातून तीनदा मी त्याला ढकलत नेला आणि आणला, आणि तो पूजामार्फत बोलला. त्या मनशाक सांग, हळू. त्या मनशाक सांग, खड्डा चुकव. मी मागं वीतभर अंतरावर, त्याच्या डोक्याचे केस मोजतोय. किती पांढरे झाले... किती विरळ झाले, तुम्हाला काय सांगू. वडिलांची टाळू दिसते त्याच्यात. पाय बघवत नव्हता म्हणून डोकं बघायचो. घ्या. करा सेवा.

काल संध्याकाळी पावणेसहाला वयनी खाली आली, चंद्रावतीवयनी, त्याची बायको. मी पासच्या टेबलावर. तिनं स्वतःचा पास माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "सकाळी ऑपरेशनाक नेतले त्यांकां. म्हणटात, येऊंक सांग. पुण जॅकेट काडून."

जॅकेट काढून! म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवसापासून कळलं होतं! मी जॅकेटाच्या आत लपतोय, ते त्या चाकांच्या खुर्चीत बसून माझ्याकडे न बघता त्याला दिसत होतं. भेटायचं तर भाऊ म्हणून भेट, असं सरळ. मी उठलो, जिना चढलो, दारासमोर झिप धरली. आणि झिप बसली! ओढली, हिसकली, वयनीनं ओढली, डोक्यावरून काढायला गेलो तर चष्मा अडकला, कान अडकला, मी आत अंधारात आंधळ्यासारखा दोन्ही हात वर करून उभा, आणि येणारे-जाणारे त्या जॅकेटाला विचारतायत, संडास कुठं!

निघालं शेवटी. केस विसकटलेले, चष्म्याची दांडी वाकडी, हातात पास. दारावर पूजा. घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, सहा वाजून चार मिनिटं झाली. सहानंतर कोणालाही सोडायचं नाही, तुम्हीच शिकवलंत मला." मी म्हटलं, अगो, मी स्वयंसेवक. ती म्हणाली, मग जॅकेट घाला आणि जा.

आता बोला! घातलं तर आत सोडतात, पण तो बोलणार नाही. काढलं तर तो बोलेल, पण आत सोडत नाहीत. अकरा वर्षं मी थांबलो होतो आणि चार मिनिटांनी चुकलो. जॅकेट काखेत धरून मी जिन्यावर बसून रडलो, खोटं कशाला सांगू.

आज पहाटे आलो, जॅकेट घरी ठेवून. नुसता शर्ट. आठ वाजता ट्रॉली निघाली, आणि या बोळात कुठल्या तरी गावचा आणखी एक टेम्पो रिकामा झालेला, बायका, म्हातारे, शहाळी! ट्रॉली मध्येच अडकली. पूजा ओरडतेय, नातेवाईकांनी बाजूला व्हा, आणि मला भिंतीला दाबलं, कारण आज मी नातेवाईक. दादानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे, मधे पूजा नाही, कोणी नाही. मी म्हटलं, आता बोलतो. आता 'गोकूळ' म्हणतो.

तो म्हणाला, "जॅकेट खंय रे तुजें? आतां वाट कोण करतलो?"

अकरा वर्षांनी भाऊ बोलला, तीही तक्रार! मी काय केलं? मी ट्रॉलीच्या पुढं झालो आणि बत्तीस वर्षांचा आवाज काढला, "चला, आत सरका, मागं जागा आहे, दारात उभे राहू नका!" सगळा बोळ सरकला. तो हसला की काय ते मला दिसलं नाही, माझी त्याच्याकडे पाठ होती. दार बंद झालं.

त्याला अडीच तास झाले. दिवा लालच आहे. वयनी खाली देवाला नवस बोलतेय. मी ठरवलंय, बाहेर आला की पहिलं सांगणार, यंदा पालखी तुझ्या दारात, दोन्ही नारळ तूच ठेव. पायावर उभा राहून ठेव, नाहीतर बसून ठेव, मी खुर्ची धरतो. एवढं सांगायला तरी... एवढं तरी...

काय म्हणता? बोला ना, तुम्ही मघापासून काहीतरी विचारायला बघताय. विचारा हो.

...संडास?

अहो, जॅकेटसुद्धा नाही माझ्या अंगावर!

डावीकडे. डावीकडे हो... ती एक्स-रेची खोली!