क्लचवरचा पाय

वारलेल्या वडिलांची गाडी विकायला ती गॅरेजात आली होती. शेजारच्या बाकड्यावरचे काका मेकॅनिकवर उखडले होते.

“आठ महिन्यांत क्लचप्लेट जळली? बोगस माल टाकलात!”

“काका, तुमचा पाय क्लचवरून हटतच नाही.”

“गिअर पडला की मी पाय उचलतो. जन्म गेला गाडी चालवण्यात!”

“आत्ता चक्कर मारली, तेव्हा मी दोनदा सांगितलं.”

“आणि मी दोन्ही वेळा उचलला!”

“नाही हो उचललात.”

“अहो,” काकू हळूच म्हणाल्या, “परवा डाव्या पायातली चप्पल रस्त्यात राहिली, तेही तुम्हाला कळलं नाही.”

“चप्पल सैल आहे. तू गप्प बस.”

बाबांचीही प्लेट अशीच जळली होती, आणि घरात सगळे हसले होते. डोक्यातली गाठ नंतर सापडली.

“गाडी राहू द्या,” ती एकदम म्हणाली. “आधी डॉक्टरकडे चला. मी येते बरोबर.”