धाकूकाकांची वीस पाकिटं

या, जवळ बसा, कुरियरच्या रांगेत ऐकलेली गंमत सांगते. कारखाना बंद पडला, म्हणून धाकूकाका बावन्नाव्या वर्षी सायकलवरून पाकिटं वाटू लागले. दुसऱ्याच संध्याकाळी ते सुपरवायझर प्राप्तीसमोर उभे होते.

“काका, काल विसातली सहाच वाटलीत. आजही तसंच असेल तर उद्या येऊ नका.”

“अगो बाय, घरोघरी चहा विचारतात. नाय म्हटलं तर त्या माउलीचा अपमान!”

“पाकीट द्यायचं, सही घ्यायची, निघायचं!”

“आज वीसच्या वीस दिली.”

“वा! चहा सोडलात?”

“नाय गो! बायकोला कॅरिअरवर बसवून नेलं. मी सही घेतो, तोवर चंद्रभागा उभ्याउभ्या चहा पिते.”

“वीस कप? कुठायत काकू?”

“बाहेर, सायकल धरून. डोळे मिटतच नायत तिचे.”

“उद्या दोघंही या!”

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा चंद्रभागेचं नाव घ्या. तिला झोप लागू दे.