झाडात अडकलेल्या चकत्या

दम्माम विमानतळावर सामानाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे रत्नागिरीकर उभे होते.

"केरू, कायमचा निघालास?"

"खलास, बदरूभाई. कॉलेजच्या झाडीत पोरं प्लास्टिकच्या चकत्या फेकून टोपलीत टाकायचा खेळ खेळतात ना? झाडात अडकलेल्या चकत्या मी चढून काढायचो."

"मग तुला का काढला?"

"म्हणाले, ही जागा आता सौदी माणसाचीच."

"मिळाला कोणी?"

"जाहिरातीत पदवी मागितली होती. पदवीधर कुठला झाडावर चढतोय?"

"मग आता चकत्या काढणार कोण?"

"आता अडकतच नाहीत. सगळी झाडं तोडली."

"या अल्ला! तोडली कोणी?"

"मीच. त्या कामाला सौदी माणसाची अट नव्हती."