तक्ता खालून वर

नाय मॅडम, मला काही झालेलं नाय — जिना चढून दम लागला, एवढंच. आमचे हे खाली फोटो काढायला थांबलेत, लायसनच्या मेडिकलसाठी. ते वर यायच्या आत मला बोलायचंय — दार लावू का? राहू द्या, उघडंच बरं, लावलं तर वाटेल बाई चोरी करतीय. ट्रक चालवतात ते. येवल्याहून कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा, वाशीला खाली करायचा. तुमच्याआधी इथं जे म्हातारे डॉक्टर बसायचे ना, ते मान वर न करता सही ठोकायचे. तुम्ही म्हणे खरंच तपासता. चहावाला म्हणाला, नवीन बाई लय खडूस हाय. रागावू नका, मलाही गल्लीत हेच म्हणतात.

तर सांगायला आले, की माणूस चांगला हाय. दारू नाय, गाडीला ओरखडा नाय. नजर? नजर चांगली हाय. डाव्या डोळ्याची तर — म्हणजे दोन्हींची. अशा काय बघताय? बरं. उजव्यानं जरा धूसर दिसतं, दिवाळीपासून. जरा म्हणजे — ताट मी डाव्या अंगाला सरकवून वाढते, उजवीकडची वाटी त्यांना सापडत नाय. म्हणतात, आमटी नाय वाढली? मी म्हणते, विसरले. मी! सासूला कधी ऐकून घेतलं नाय, आणि रोज म्हणते, विसरले.

तो तुमचा भिंतीवरचा तक्ता — ग म र न — मला सगळा पाठ हाय. चौथीच शिकले, पण पाढे म्हणायला बाई मलाच उभं करायच्या. चहावाल्याकडं त्याची झेरॉक्स मिळते, सगळेच ड्रायव्हर नेतात. कणीक मळता मळता म्हणून घेतला ह्यांच्याकडून, वरून खाली. चुकले की मी लाटणं आपटायची, मग दोघं हसायचो. आता लाज वाटती त्या हसण्याची.

कारण गेल्या आठवड्यात — सांगू का नको — इथल्या हायवेवरच्या द्वारका चौकात डबा द्यायला उभी होते. शेजाऱ्यांकडं ह्यांचा एसटीडीवरून फोन आला होता, घरी यायला वेळ नाय, तिथंच दे. ड्रायव्हरच्या खिडकीत द्यायचा म्हणून मी दुभाजकाला टेकून उभी. गाडी आली, हळूच आली. मी हात वर केला, हाक मारली — आणि गाडी थांबलीच नाय! मागच्या हौद्याच्या फाळक्यानं डबा उडवला, सगळी भाजी पदरावर. मी जरा पुढं असते ना, तर भाजी पुसायला पण कोणी उरलं नसतं. घरी आले ते चिडून, "उपाशी ठेवलंस, आली का नाहीस?" मी म्हटलं, उशीर झाला. एवढी धिप्पाड बायको, हिरवं लुगडं नेसलेली, ती दिसली नाय त्या खिडकीतून, मॅडम. माझ्या जागी शाळेतलं लेकरू असतं तर?

त्यांना अजून सांगितलं नाय. कसं सांगू, तुम्ही मला चिरडत होता म्हणून? स्टेअरिंगशिवाय त्या माणसाला दुसरं काही येत नाय, जगायचं कसं त्यानं? जिना चढताना मनात होतं, पाया पडून म्हणावं, पास करा. देवाशप्पथ. पण आता — एक करा. तक्ता खालून वर वाचायला लावा. उजव्या डोळ्यानं. बस. मोतीबिंदू असेल तर निघतो ना? बोला की.

नाव? नवऱ्याचं नाव मी घेत नाय. खाली फोटोच्या रांगेत उंच, कानात बाळी — बरं, बाळ्या सगळ्यांच्याच असतात. वाल्मीक. उखाण्याशिवाय पहिल्यांदा घेतलं, आणि कशापायी घेतलं बघा.

आले. चपला वाजल्या. तो पट्टा बांधा माझ्या दंडाला, लवकर — अहो, या. काही नाय, चक्कर आली म्हणून मॅडम प्रेशर बघत होत्या. या ना आत — अहो, उजवीकडं स्टूल हाय, उजवीकड —

लागलं का?

असं बघू नका माझ्याकडं. बसा. सांगतील तसं वाचा. मी खाली थांबते.