चेलोचं सासर

माझं माहेर डोळखांबच्या डोंगरातलं, सासर सिद्धगडाच्या पायथ्याचं. आईबाप अंगठा उठवणारे, पण मी बीए झाली, घराण्यात पहिली, हे मी सगळ्यांना सांगते, लाज कसली. आणि शिकून काय केलंस विचारलं तर बोलते, सासूच्या मागून धवळे गाते. सासू आमची धवलारीण. धवळे म्हणजे लग्नाची गाणी, पण नुसती गाणी नाय, हळदीपासून अक्षतांपर्यंत धवलारीण गाते तसं लगीन पुढं सरकतं. ती ओळ टाकते, मी मागून झेलते, वाजप नाय काय नाय, नुसता गळा.

तर काय सांगू तुमाला, म्हसा गावची जत्रा उठली आणि मुरबाडकडं एका फार्महाउसवर देशोदेशीचे कलाकार उतरले. एकमेकांचं गाणं-नाच शिकायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून कार्यक्रम करायचा. आमच्या कॉलेजच्या सरांनी आमा दोघींना बोलावलं, नवराही ढोल घेऊन आला. पहिल्याच सकाळी ते कलाकार बोलले, जरा नमुना ऐकवा. मी हौसेनं सुरुवातीचाच धवळा उचलला, देवांना लग्नाचं आवतण देतात तो. गावदेवीला बोलावलं, डोंगरच्या देवाला बोलावलं, बघते तर सासूनं तोंडाला पदर लावलेला.

काय केलंस गो, बोलली. देव निघालं आता, आन मांडव कुठं हाय, नवरा-नवरी कुठं हाय? का बीएवाल्यांकडं देव रिकाम्या पाटावर बसतात? पिशवी उचलून निघालीच. मला रडूच फुटलं. कार्यक्रमाचं नाय हो, पण देवाला खोटं आवतण गेलं म्हणून ही बाई परत कुणाच्या लग्नात गाणार नाय, हे मला माहीत होतं, आणि तिच्या धवळ्यांतले निम्मेही अजून मला आले नव्हते.

तेवढ्यात आठवलं. आमच्या आंब्याला पहिला मोहोर आला तेव्हा हिनंच त्याचं लगीन लावलेलं, त्याशिवाय फळ खायचं नाय म्हणून. मी बोलली, आई, झाडाचं लागतं तर वाजपाचं का नाय? ती थांबली. नवरा कोन? आपला ढोल. आन नवरी? समोर फिनलंडची एल्सा चेलो घेऊन बसलेली, माणसाएवढी सारंगीच ती. सासूनं चेलोला वरखाली न्याहाळलं. बोलली, नवरी उंच हाय, पण चालंल.

मग काय, मांडव घातला. एल्सा घाबरली, लाकडाला हळद नको बोलली, म्हणून खोळीला लावली. केनियाचा एक नाचणारा नवरीचा मामा झाला. सासू ओळ टाकी आणि सगळे परदेशी मागून झेलत, उच्चार कसे का असेनात. मधेच चेलोनं तोच सूर हळूच धरला, तशी सासूचे डोळे भरले, बोलली, पोरीला कळतंय हो, माहेर सुटतंय ते.

कार्यक्रमातही तेच लगीन लागलं, लोक टाळ्या वाजवून उठले, पण आमचं कुठं संपलेलं? नवरी सासरी नको यायला? सासू अडूनच बसली. शेवटी एल्सा चेलो घेऊन आमच्याकडं मुक्कामाला आली, चेलोच्याच टोकानं उंबऱ्यावरचं माप लवंडलं, तांदळाची भाकरी जेवली, सकाळी चेलोसकट गेली.

ढोल आमच्या खुंटीला आहे, त्याच्यावरचा हळदीचा डाग सासू पुसू देत नाय. लग्नात पहिला धवळा आता मलाच उचलायला लावते. देवानं खूप दिलं, दुसरं काय बोलू? एल्सा वाजवून फोनवर पाठवते, सासू डोळे मिटून ऐकते, फोनवरून हात फिरवते, बोलते, सुखात राहा गो बाय, पण सणाला तरी ये, ढोल एकटा हाय.