यमाजीचं नेमकं कुठं दुखतं

यमाजी: आता ह्ये सांगितलं तर तुझा इस्वास बसायचा न्हाई, डाक्टरीणबाई. कुणाचाच बसत न्हाई. पर बिबट्या माझ्या छातीवर बसला व्हता. असा, म्होरले दोनी पाय टेकून. त्याच्या तोंडाचा वास आला मला. कांद्याचा.

प्रज्ञा: बाबा, मी विचारलं, छातीत कधीपासून दुखतं?

यमाजी: त्येच सांगतोय की. तवापासनं.

म्हाळसाबाई: अवं, बिबट्या कांदा खातो व्हय?

यमाजी: आपल्या जुन्नरचा खातो. दुसरीकडचा न्हाई खात.

प्रज्ञा: आजी, तुम्हीच सांगा. बाहेर पेशंट ताटकळलेत.

म्हाळसाबाई: मी काय सांगू, माय! एष्टीत बसल्यापासनं डोकं फोडतीया, डाक्टरापुढं तरी सरळ बोला म्हनून. ह्यांनी कंडक्टरला सांगितलं, छातीत लढाईतली गोळी हाय. त्या बापड्यानं एका मास्तराला उठवून जागा दिली. खिडकीची!

यमाजी: मग? तुला बी बसाया मिळालंच की.

म्हाळसाबाई: मास्तर आळेफाट्यापातुर उभा. वर तुमच्या पाया पडला. मला धरणी फाटावी आसं झालं.

प्रज्ञा: बंडी वर करा, बाबा. अजून वर. अरे देवा, हे काय? पू झालाय इथं!

यमाजी: बिबट्याचं नख.

प्रज्ञा: नख असं कोयरीसारखं उमटत नाही. हे भाजलेलं आहे.

म्हाळसाबाई: इळा हाय तो. मी पान्याला गेले, तवर चुलीत लाल केला अन् टेकवला सवताच्या हातानं. आले तर घरभर करपल्याचा वास. आमच्याकडं मेंढराला देत्यात ना डाग, लंगडाया लागलं की, तसा.

यमाजी: मेंढरू डागलं की उठून चालाया लागतं. माझ्या आज्यापासनं चालत आलंया.

प्रज्ञा: तुम्ही मेंढरू आहात का?

म्हाळसाबाई: मेंढरू परवडलं. खोटं तरी बोलत न्हाई.

प्रज्ञा: बरं, मग एवढं करून छातीतलं थांबलं का?

यमाजी: थांबलं म्हंजी... कसं हाय पोरी, आतलं दुखणं मुकं असतंया. कुठं हाय, केवढं हाय, कुणाला दावता येत न्हाई. वरनं भाजलं की कसं, बोट ठेवून दावता येतं. कुणी फुंकर घालतं. म्हाळसीनं घातली की.

म्हाळसाबाई: शिव्या घातल्या मी.

यमाजी: शिव्या देत देत घातली. लई गार वाटलं.

प्रज्ञा: हलू नका आता, पुसतेय. झोंबेल.

यमाजी: तू कुणाची गं? हात वळखीचा वाटतोय.

प्रज्ञा: निमगाव सावाची. बाजीरावांची नात.

यमाजी: बाजीरावाची! म्हाळसे, ऐकलं का? अगं, तुझ्या आज्याच्या वावरात आमची मेंढरं बसायची. रान मोकळं झालं की सांगावा यायचा, यमाजी, मेंढरं आण अन् रातभर बसव. लेंड्यांचं खत असं पडायचं, की पुढल्या साली त्याचं वांगं इतकं व्हायचं, इतकं व्हायचं, की पावसात आमी दोघं त्याच्याखाली निजायचो.

म्हाळसाबाई: मी न्हवते बाई कुठल्या वांग्याखाली.

प्रज्ञा: आजोबा सांगायचे खरं, मेंढरांचं. वांग्याचं नाही. अजून आहेत का मेंढरं?

यमाजी: हायती की. न्हाईतर मानसानं करायचं काय?

(म्हाळसाबाई पदराचं टोक दातांत धरते आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे बघत राहते.)

प्रज्ञा: बाबा, आता माझ्याकडं बघा. चेष्टा पुरे. तुमचं प्रेशर वाढलेलं आहे. हृदयाची पट्टी काढायचं मशीन आहे इथं, पण सकाळपासून लोडशेडिंग, बॅटरी उतरलेली. लाईट दिवे लागायच्या वेळेला येईल, नाहीतर येणारच नाही. म्हणजे आत्ता मला तुमच्या तोंडावर भरवसा ठेवायचाय.

म्हाळसाबाई: गेलं मग समदं.

प्रज्ञा: आजी, थांबा. बाबा, चालताना छाती आवळते का? चढ लागला की डावा हात जड होतो, घाम फुटतो, बसावंसं वाटतं, असं होतं का? होत असेल तर दुखणं हृदयाचं आहे. मग मी तुम्हाला घरी जाऊ देणार नाही. आत्ताच्या आत्ता जीप करायची आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात. होत नसेल तर बरगडीचं असेल, वरून ही जखम. मलम देते, गोळ्या देते, जा घरी. पण खोटं सांगितलंत, तर रात्रीत काहीही होऊ शकतं. कळतंय का मी काय म्हणते?

यमाजी: कळतंय की. पुण्याला न्हेत्यात, फाडत्यात, अन् मग खाटंवर पडून ऱ्हा म्हनत्यात.

प्रज्ञा: मी काय विचारलं?

यमाजी: चालताना ना? अगं, आमी धनगर. चालणं म्हंजी आमचं बसणं. आत्ताच शिनोलीपातुर जाऊन आलो मेंढरामागं. वाटंत एक कोकरू दमलं, घेतलं खांद्यावर. दुसरं दमलं, घेतलं दुसऱ्या खांद्यावर. मग त्यांची आई माझ्याकडं बघाया लागली. म्हनलं, ये बाई, तू बी ये, पाठ मोकळीच हाय.

प्रज्ञा: आईला राहू द्या. कोकरं घेऊन चढ चढलात?

यमाजी: घोड्यावानी.

प्रज्ञा: आणि छातीत काहीच नाही? दम नाही, कळ नाही?

यमाजी: पोरी, बाकीचं सोड. बिबट्या सोड, वांगं सोड. पर मेंढरामागं चालताना मला कदी म्हंजी कदी दुखलं न्हाई. खंडोबाची आण घेऊन सांगतो.

प्रज्ञा: आजी, खरं आहे का हे?

म्हाळसाबाई: आता मेंढरामागं... न्हाई दुखलं कदी. ह्ये खरं हाय.

प्रज्ञा: सुटले मी. मग मलम लिहून देते. जखम रोज साफ करा, आणि विळा आजींनी लपवून ठेवा. पुढच्या बाजारच्या दिवशी मला दाखवून जा.

यमाजी: बघ! उगं माझी एष्टीत अब्रू काढत व्हतीस. ऊठ, म्हाळसे, गाडी गाठू. दिस कलला, मेंढरं वाट बघत असत्याल.

म्हाळसाबाई: बसा खाली.

यमाजी: अगं, गाडी...

म्हाळसाबाई: बसा म्हनते ना! पोरी, ती चिठ्ठी ऱ्हाऊ दे. जीप सांग.

प्रज्ञा: का? काय झालं?

म्हाळसाबाई: मेंढरं न्हाईत.

यमाजी: म्हाळसे.

म्हाळसाबाई: न्हाईत. आमच्या बहिरूनं समदी इकली, कोंबड्यांची शेड टाकली. ह्ये सोयऱ्याच्या मयताला गेलं व्हतं. माघारी आलं तर मेंढरांचा वाडा मोकळा. लेकाला एक शबुद बोललं न्हाई. सकाळी काठी घेतली, घोंगडी घेतली, अन् निघालं, मेंढरामागं. तवापासनं रोज निघत्यात.

प्रज्ञा: निघतात म्हणजे? कुठं?

म्हाळसाबाई: ओढ्यापातुर. घरापासनं हाकंच्या अंतरावर. तेवढ्यातबी मधी बसत्यात, छाती धरून. घामानं बंडी भिजती. मी बघते की मागनं, कुडाआडनं.

प्रज्ञा: आजी, अहो, मघाशी मी तुम्हाला समोरासमोर विचारलं! बिबट्याचं बोललात, विळ्याचं बोललात. मग हेच का नाही सांगितलं?

म्हाळसाबाई: कोणत्या तोंडानं सांगू, माय? सांजच्याला ह्ये घरी आलं, की मीच दारातनं इचारते, समदी आली का म्हनून.